‘स्थानबद्ध’ म्हणजे नेमकं कुठे?

‘मोर्चाआधी कार्यकर्ते स्थानबद्ध, संध्याकाळी सुटका’ ही बातमी वाचून एका वाचकाने विचारलं आहे: अटक आणि स्थानबद्धता यांत काही फरक आहे, की हा नुसता सरकारी मराठीचा थाट?

फरक आहे, आणि चांगलाच आहे. एरवी अटक झाली की आरोप असतो, कलम असतं, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. स्थानबद्धतेत आरोप लागतच नाही. ‘हा पुढे काहीतरी करील’ अशी जिल्हाधिकाऱ्याची किंवा पोलीस आयुक्ताची खात्री पटली की झालं. १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा घ्या, नाहीतर झोपडपट्टीदादांच्या नावाने आलेला आपल्या महाराष्ट्राचा धोकादायक कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजे एमपीडीए. बारा महिन्यांपर्यंत आत ठेवता येतं. प्रकरण सल्लागार मंडळापुढे जातं खरं, पण तिथे वकील देण्याचा हक्क नाही.

हे पुण्याने १८९७ मध्येच पाहिलं. रँडच्या खुनानंतर टिळकांना पकडलं ते राजद्रोहाच्या कलमाखाली. ‘केसरी’तला आक्षेपार्ह मजकूर कोर्टात वाचला गेला, त्यावर वाद झाला, दीड वर्षाची सजा झाली. त्याच जुलैत पुण्याच्याच सरदार नातू बंधूंना उचललं ते मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली. खटला नाही, म्हणून सजा नाही; आणि सजा नाही, म्हणून ती संपण्याची तारीखही नाही! टिळक १८९८ मध्ये सुटले तेव्हा नातू अजून अडकलेलेच होते.

शब्दाचा घोळ मात्र पुढचा आहे. सावरकरांची रत्नागिरीतली १९२४ ते १९३७ ही वर्षं ‘स्थानबद्धता’ म्हणूनच ओळखली जातात. पण ते तुरुंगात नव्हते. जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि राजकारण करायचं नाही, या अटींवर ते मोकळे हिंडत होते. इथे ‘स्थान’ म्हणजे अख्खा जिल्हा. एमपीडीएखाली स्थानबद्ध झालेल्याचं ‘स्थान’ म्हणजे कारागृहातली बराक. २०१८ च्या ऑगस्टमध्ये एल्गार परिषद प्रकरणातल्या पाच कार्यकर्त्यांना सुप्रीम कोर्टाने आपापल्या घरीच ठेवायला सांगितलं, तेव्हा तेही स्थानबद्धच म्हटले गेले. त्याला ‘नजरकैद’ हा नेमका शब्द आहे.

मला विचाराल तर हा शब्द फार सभ्य आहे. वचनबद्ध, शिस्तबद्ध, छंदोबद्ध अशा घरंदाज मंडळींत त्याची ऊठबस. कानाला ‘अटक’ जास्त कडक वाटते, कायद्यात उलट आहे. आणीबाणीत तर मिसा या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली धरलेल्याला कारणही सांगायचं नाही, अशी दुरुस्ती झाली होती. लोकांनी तेव्हा हा शब्द बाजूलाच ठेवला. ‘काका मिसात होते’, ‘मिसाबंदी’ असंच घरोघर बोललं गेलं, आणि त्यात तुरुंग लख्ख दिसतो. जुनं ‘विनाचौकशी कैद’ही मला पसंत आहे, पेपरवाल्यांनी ते परत आणावं.

तडीपारी याहून वेगळी. तड म्हणजे काठ (‘तडीस नेणे’ त्यातलंच), कागदोपत्री तिला ‘हद्दपार’ म्हणतात. तिथे एका जागी बांधत नाहीत, हद्दीबाहेर घालवतात.

आता तुमची बातमी. सकाळी उचललं, संध्याकाळी सोडलं, म्हणजे बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७०, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १५१. ती ‘प्रतिबंधात्मक अटक’. बातमीत ‘ताब्यात घेतले’ लिहिलं असतं तरी भागलं असतं.