गाडी दारात, नाव बेंगळुरूत

प्रश्न : मी नाशिकचा. अंबडला माझा छोटा कारखाना आहे. चार महिन्यांपूर्वी पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडून २०१७ ची फोर्ड मस्टँग जीटी ३८ लाखांना घेतली. ३० लाख आरटीजीएसने दिले, ८ लाख रोख. गाडी कर्नाटक पासिंगची, मूळ मालक बेंगळुरूचे. डीलरने मालकी हस्तांतराचे सही केलेले फॉर्म २९ आणि ३० हातात ठेवले आणि ‘महिन्याभरात नावावर होईल’ म्हणाला. अजून झालेली नाही. आता कळतंय की गाडीवर बँकेचा बोजा आहे. वसुलीवाले मलाच फोन करतात. सायलेन्सर बाहेरचा निघाला, पोलिसांनी दंड केला. गेल्या महिन्यात त्र्यंबक रस्त्यावर पावसात गाडीचा मागचा भाग फिरला आणि ती दुभाजकावर गेली. कोणाला लागलं नाही, पण विमा कंपनी पैसे द्यायला तयार नाही. डीलर म्हणतो, ‘मूळ मालकाशी बोला.’ गाडी परत करता येईल का? बँक ती उचलून नेईल का? आणि नावावर करायचीच तर माझ्या कंपनीच्या नावावर करू का?

उत्तर : आधी गाडी उभी करा. आजपासून चालवू नका, गॅरेजमध्ये दुरुस्तीला देऊ नका, सायलेन्सर बदलू नका. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, चेसिस नंबरचा आणि मीटरच्या आकड्याचाही काढा. मागच्या टायरांचे वेगळे काढा. पाच लिटरच्या व्ही८ इंजिनाची सगळी ताकद मागच्या दोन चाकांवर जाते. ते टायर पुढच्यांपेक्षा फारच झिजलेले असतील तर आधीच्या मालकाने गाडी कशी चालवली, याचा तो एक धागा आहे.

उभी करा म्हणण्याचं कारण फक्त सुरक्षितता नाही. माल परत करायचा असेल, तर तो आपलाच असल्यासारखा वापरत राहून चालत नाही. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम ४२ प्रमाणे वाजवी मुदतीत नकार न कळवता ठेवून घेतलेला माल ‘स्वीकारला’ असं धरलं जातं. स्वीकारल्यावर बहुतेक वेळा परतीचा हक्क जातो, उरतो तो नुकसानभरपाईचा. तुमचे चार महिने गेले आहेत आणि गाडी ठोकलीही गेली आहे. बोजा लपवल्यामुळे परतीचा मुद्दा अजून जिवंत आहे, पण रोजच्या फेऱ्यांनी तुम्हीच त्याचा गळा दाबता.

आता डीलरच्या ‘मूळ मालकाशी बोला’कडे येऊ. हे वाक्य २०२३ च्या आधी थोडंफार खपत होतं. १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५५अ पासूनचे नवे नियम लागू झाले आहेत. नोंदणी झालेल्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या डीलरला परिवहन विभागाचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की तशी सूचना परिवहन विभागाच्या पोर्टलवर जाते, आणि तिथून पुढे डीलर हाच ‘मानीव मालक’, म्हणजे कायद्याच्या नजरेत मालक ठरतो. एनओसी (गाडी दुसऱ्या राज्यात नोंदवायला लागणारं ना-हरकत प्रमाणपत्र), नाव हस्तांतर यांचे अर्जही तो स्वतः करू शकतो. तेव्हा त्याला लेखी विचारा : तुमचा अधिकारपत्र क्रमांक काय, आणि ही गाडी ताब्यात घेतल्याची सूचना कोणत्या तारखेला दिली? सूचना दिली असेल तर तो जबाबदारी झटकू शकत नाही. दिली नसेल, किंवा अधिकारपत्रच नसेल, तर तेवढी एक गोष्ट ग्राहक आयोगापुढे त्याला अवघड करेल. माझ्या अनुभवात या प्रश्नाला उत्तर येत नाही, पण तडजोडीचा फोन येतो.

बेंगळुरूच्या मालकांना वेगळं पत्र जाऊ द्या, पण भांडणाचं नको. त्यांचीही मान अडकलेली आहे आणि बहुधा त्यांना त्याचा पत्ता नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की, अपघाताच्या दाव्यात आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) ज्याचं नाव तोच ‘मालक’, मग गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असो. त्र्यंबक रस्त्यावर कोणी जखमी झालं असतं, तर नोटीस बेंगळुरूला गेली असती. हे त्यांना नम्रपणे कळवा. बँकेचा हिशेब मागायला आणि फॉर्मवर पुन्हा सही करायला ते डीलरपेक्षा लवकर तयार होतील.

बँकेचा प्रश्न तुम्हाला वाटतो तितका साधा नाही, तितका भयंकरही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे बोजा असलेल्या गाडीचं नाव बँकेच्या लेखी संमतीशिवाय बदलत नाही. हप्ते थकले तर बँक कर्जाच्या करारानुसार गाडीचा ताबा घेऊ शकते, आणि तुम्ही डीलरला पैसे दिलेत ही सबब तिच्यापुढे टिकणार नाही. मात्र ताबा गुंड पाठवून घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच बजावलं आहे. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. एजंट दारात आला तर बँकेचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र मागा, त्याचा फोटो घ्या. ‘मी कर्जदार नाही, या गाडीबाबत विक्रेत्याशी माझा वाद चालू आहे’ असं बँकेला ईमेलने कळवा. हप्ते स्वतः भरण्याचा मोह आवरा. नाव लागण्याआधी दुसऱ्याचं कर्ज फेडलं, तर ती रक्कम कोणाकडून वसूल करायची हा नवा वाद उभा राहील. कर्ज फेडायचंच ठरलं तर डीलर, मूळ मालक आणि तुम्ही मिळून लेखी करार करा, पैसे डीलरकडून थेट कर्जखात्यात जाऊ द्या आणि बोजा उतरवण्याच्या फॉर्म ३५ वर बँकेची सही घ्या.

तुमची खरी कसोटी वेगळीच आहे. आरसीवर बोजाची नोंद छापलेली असते आणि परिवहन पोर्टलवरही दिसते. डीलरचा वकील म्हणेल, वाचली का नाही? करार कायद्याच्या कलम १९ मध्ये तशी सोय आहे : साधी चौकशी करून सत्य कळलं असतं, तर नुसत्या लपवाछपवीवरून करार मोडता येत नाही. पण तो अपवाद गप्प राहण्याला आहे, धडधडीत खोटं बोलण्याला नाही. म्हणून व्हॉट्सॲप उघडा आणि शोधा. ‘लोन क्लिअर आहे’, ‘पेपर ओके’ असा एक जरी संदेश सापडला तरी तुमच्या बाजूचं पारडं जड होईल. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडून ते संदेश पुराव्यात देता येतात. डीलरच्या डिलिव्हरी नोटवर ‘आहे त्या स्थितीत विकली’ असं छापलेलं असेल, तर घाबरू नका. ते वाक्य ओरखडे आणि घासलेल्या ब्रेकपुरतं आहे. फसवणुकीला त्याचं पांघरूण घालता येत नाही.

विम्याबाबत मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. गाडी विकली की तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचं संरक्षण मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार नव्या मालकाकडे येतं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं मात्र येत नाही, त्यासाठी पॉलिसी तुमच्या नावावर करून घ्यावी लागते. हे बऱ्याच वर्षांपासून ठरलेलं आहे. बंपर आणि सस्पेन्शनचा खर्च विमा कंपनीकडून निघेल असं धरू नका. तो डीलरकडून मागायच्या भरपाईत घाला. मिळेलच असं नाही, कारण घसरली ती तुमच्या हातून. पण नाव वेळेत झालं असतं तर पॉलिसीही झाली असती, हा युक्तिवाद करण्याजोगा आहे.

सायलेन्सरचा भाग थोडक्यात. उत्पादकाच्या मूळ रचनेत फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला मान्य नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजारांचा दंड किंवा दोन्ही आहे, आणि आवाजाची मर्यादा ओलांडली तर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड व तीन महिने परवाना अपात्र होऊ शकतो. नाशिकच्या आरटीओत तपासणीला न्यायच्या आधी मूळ सायलेन्सर लागेलच. तो डीलरकडून लेखी मागा. फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं आणि मस्टँग तर मुळातच आयात होऊन यायची. नवा भाग मागवायचा खर्च काय येईल, ते आत्ताच विचारून ठेवा.

नोटीस वकिलामार्फत, पोचपावतीसह पाठवा. पंधरा दिवसांत बोजा उतरवून, कर्नाटकची एनओसी आणून, महाराष्ट्राचा कर डीलरने भरून गाडी तुमच्या नावावर करावी. नाहीतर ३८ लाख व्याजासह परत करून गाडी घेऊन जावी. कर मुद्दाम लिहा. आयात गाडीवर तो मोठा असतो आणि ‘कर तुमचा तुम्ही बघा’ हे पुढचं वाक्य ठरलेलं असतं. उत्तर नाही आलं तर नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. डीलर पुण्याचा असला तरी तक्रारदार राहतो तिथे तक्रार चालते, ५० लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते आणि शुल्क हजार रुपये आहे. मुदत दोन वर्षांची, पण तोपर्यंत थांबू नका. फसवणुकीची पोलिस तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली देता येईल. ‘हा दिवाणी वाद आहे’ हे ठाण्यात ऐकावं लागेल, म्हणून ती दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. हीच गाडी तुम्ही एखाद्या खासगी व्यक्तीकडून घेतली असती तर ग्राहक आयोगाचा रस्ताच नसता, दिवाणी न्यायालयात जावं लागलं असतं.

आता ते रोख आठ लाख. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे आणि दंड होतो तो रोख घेणाऱ्याला, स्वीकारलेल्या रकमेएवढा. त्यामुळे डीलर ‘रोख घेतलेच नाहीत’ म्हणणार. बँकेतून पैसे काढल्याची नोंद, त्या दिवशीचे संदेश, सोबत कोण होतं, हे सगळं जुळवा. पैसे हिशेबातले असतील तरच ते तक्रारीत घाला. नसतील तर आधी तुमच्या सीएकडे जा, मग माझ्याकडे या.

कंपनीच्या नावावर करू नका. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही, आणि डीलर नेमका तोच मुद्दा काढेल. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मर्सिडीजच्या प्रकरणात, संचालकाच्या वापरासाठी कंपनीने घेतलेली गाडी आपोआप ‘व्यापारी हेतू’ची ठरत नाही, असं सांगितलं आहे. तरी तो वाद अंगावर घ्यायचं तुम्हाला कारण नाही. पैसे तुमच्या खात्यातून गेले आहेत, पावती तुमच्या नावाची आहे, तर तक्रारही तुमच्याच नावाने जाऊ द्या. कंपनीच्या हिशेबात गाडीचा घसारा दाखवून होणारी करबचत या भांडणात फार महागात पडेल.