हिरवा बटाटा, पिवळा घट आणि न फुलणारी शेवंती

प्रश्न : ओट्यावरच्या टोपलीतले बटाटे आठवड्याभरात हिरवे पडतात. हिरवा भाग काढून उरलेला बटाटा खाल्ला तर चालतो का? (ठाणे)

हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो आणि तो अपायकारक नाही. पण ज्या उजेडाने तो रंग येतो, त्याच उजेडाने सालीत आणि डोळ्यांभोवती सोलॅनिन व चॅकोनिन ही कडू, विषारी द्रव्ये वाढतात. म्हणून हिरवेपणा हा इशारा समजावा. उन्हाचीच गरज नसते, स्वयंपाकघरातली ट्यूबलाइटही पुरते. धुऊन ठेवलेले बटाटे तर आणखी लवकर हिरवे होतात.

सालीवर एखादाच फिकट हिरवा डाग असेल तर साल जाड काढा, डोळे कोरून टाका आणि डागाखालचा गर तीन-चार मिलिमीटर कापा. हिरवेपणा आतपर्यंत गेला असेल किंवा चव कडू लागली, घशाशी जळजळ झाली, तर पूर्ण बटाटा फेकून द्या. उकडून किंवा तळून हे विष जात नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, जुलाब असा त्रास होऊ शकतो, म्हणून लहान मुलांच्या बाबतीत तर धोका पत्करूच नये. हिरवा बटाटा पुन्हा अंधारात ठेवला तर रंग हळूहळू फिका होईल, पण तयार झालेले विष त्यासोबत कमी होत नाही. अनेकजण इथेच फसतात.

बटाटे न धुता, गोणपाटात किंवा कागदी पिशवीत, ओट्याखाली हवेशीर अंधारात ठेवा. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत त्यांना घाम सुटतो आणि ते सडतात. फ्रिजमध्ये पिठाची साखर होते, मग काचऱ्या तळताना करपट होतात. कांदे शेजारी नकोत, बटाट्याच्या ओलाव्याने ते खराब होतात. कांद्याला अंधारापेक्षा वारा महत्त्वाचा, म्हणून तो जाळीच्या टोपलीत.

प्रश्न : बियाण्याचे बटाटे अंधाऱ्या खोलीत ठेवले. कोंब लांब, पांढरे आले आणि लागवडीत मोडले. (मंचर)

खाण्याच्या बटाट्याला जो नियम, त्याच्या नेमका उलटा बियाण्याला. अंधारात कोंब उजेड शोधत लांबतो, त्यात बटाट्यातला साठा खर्च होतो आणि कोंब ठिसूळ राहतो. लागवडीआधी दोन-तीन आठवडे बियाणे ट्रेमध्ये किंवा बांबूच्या मांडवावर एक-दोन थरांत पसरा. उजेड हवा, पण थेट ऊन नको. वारा खेळता हवा. कोंब सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे, जाड, हिरवट-जांभळे झाले की बियाणे तयार. बटाटा हिरवा झाला तरी बिघडत नाही, मात्र त्यातला एकही भाजीला वापरू नका. पेरू देशातील लिमा इथल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने साध्या शेतकऱ्यांसाठी ही पद्धत आवर्जून पसरवली, कारण तिला शीतगृह लागत नाही. ढिगाच्या आतल्या बटाट्यांना उजेड मिळत नाही, म्हणून मधून मधून थर हलवत राहा. मावा दिसला तर लगेच बंदोबस्त करा, तो विषाणू पसरवतो.

प्रश्न : नवरात्रात घटाचे धान पिवळे का येते? काही चुकते का? (सातारा)

काहीच चुकत नाही. गहू-ज्वारीचे बी स्वतःच्या साठ्यावर उगवते, त्यासाठी उजेड लागत नाही. हरितद्रव्य तयार होण्याची शेवटची पायरी मात्र उजेडाशिवाय पूर्ण होत नाही, म्हणून देवघराच्या कोपऱ्यात पिवळे, उंच, नाजूक तुरे येतात. टोपीत खोवायला तेच शोभतात. हिरवे हवे असतील तर परडी खिडकीशी ठेवा, काही तासांत रंग चढू लागेल. बुरशी येते ती जास्त पाण्याने. मातीच्या घटातून पाझरणारा ओलावा बहुधा पुरतो, वरून रोज पाणी ओतू नये.

प्रश्न : गच्चीवरची शेवंती भरघोस वाढली, पण जानेवारी आला तरी कळी नाही. समोर रस्त्यावरचा दिवा आहे. (पुणे)

दिवाच कारण असण्याची दाट शक्यता आहे. शेवंतीला कळी धरायला सलग मोठी रात्र लागते. पुण्यात जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांवर जातो, सप्टेंबरअखेर बारावर येतो आणि मग झाड फुलायला लागते. रात्री पानांवर दिवा पडत राहिला तर झाडाला उन्हाळाच चालू असल्यासारखे वाटते. फूलशेतीत याचाच उपयोग करतात : मध्यरात्रीच्या सुमारास काही तास दिवे लावून फूल लांबवतात.

सोपा उपाय म्हणजे कुंडी दिव्याच्या आडोशाला हलवा. जमत नसेल तर संध्याकाळी सहा ते सकाळी आठ, काठ्यांच्या सांगाड्यावर दुहेरी काळे सुती कापड टाका. प्लॅस्टिक नको, आत उष्णता कोंडते आणि कळी लांबते. आत हात घालून पाहा, बोटे दिसली तर कापड पातळ आहे. एकही रात्र चुकवू नका. तीन-चार आठवड्यांत बारीक कळ्या दिसतील, त्यांत रंग दिसू लागेपर्यंत झाकणे चालू ठेवा. दिवसा मात्र भरपूर ऊन द्या आणि या काळात शेंडे खुडू नका, कळी शेंड्यातच धरते.