तारांचे पैसे मेडिक्लेममधून मिळतील का?

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. वरचे दात पुढे, खालचा जबडा मागे, त्यामुळे ओठ मिटत नाहीत. हसताना ती तोंडावर हात धरते. डॉक्टर म्हणाले, आधी वर्षभर काढता-घालता येणारं उपकरण आणि मग तारा, मिळून ४८ हजार. एक्स-रे, मापं आणि पहिला हप्ता असे १६ हजार भरले. उपकरण अजून बसवलेलं नाही. आमची ५ लाखांची फॅमिली फ्लोटर (घरातल्या सगळ्यांना मिळून एकच) पॉलिसी सात वर्षं चालू आहे, एकदाही क्लेम केलेला नाही. एजंट तेव्हा 'दातांचंही येतं' म्हणाले होते. आता क्लेम नामंजूर झाला. तेच एजंट ६,४०० रुपये प्रीमियमची वेगळी ओपीडी पॉलिसी सुचवतात, दातांसाठी वर्षाला १० हजारांपर्यंत. यजमान म्हणतात, पैशांचं ठरेपर्यंत थांबू. काय करावं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, थांबू नका. बाकी सगळं यानंतर.

मी २८ वर्षं एका विमा कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात क्लेमच्या टेबलावर होते. एकदा एक गृहस्थ मुलाच्या दातांचे प्लास्टरचे साचे घेऊन आले. बुटांच्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. त्यांनी ते टेबलावर जोडून दाखवले, वरचे दात खालच्यांच्या किती पुढे येतात ते. प्रवासात एका सुळ्याचं टोक उडालं होतं, तो तुकडाही त्यांनी कागदाच्या पुडीत जपून आणला होता. 'बघा, ही काय हौस आहे का?' असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. हौस नव्हतीच. पण पॉलिसीत कलम होतं, आणि नामंजुरीचं तीन ओळींचं पत्र मीच टाइप केलं. ते दीड वर्ष भांडले. तोवर उपचार थांबवून ठेवले होते, हे मला फार उशिरा कळलं. मुलगा सोळा वर्षांचा झाला होता. त्या दिवशी 'आधी उपचार सुरू करा' एवढं मी म्हणायला हवं होतं. म्हणून तुम्हाला म्हणते आहे.

ते काढता-घालता येणारं उपकरण खालच्या जबड्याला पुढे यायला मदत करतं, पण वाढीच्या वयातच. मुलींची उंची झपाट्याने वाढते ती साधारण पाळी सुरू होण्याआधीच्या काळात. तुमच्या मुलीचं तेच वय आहे. तारा पुढेही लावता येतात. हे वय परत येत नाही.

आता क्लेम. पॉलिसीतलं 'काय मिळणार नाही' हे पान उघडा. अपघातामुळे ॲडमिट व्हावं लागलं तरच दातांचे उपचार, अशा अर्थाचं वाक्य बहुतेक पॉलिस्यांत असतं. मेडिक्लेम उभा आहे तो २४ तास ॲडमिट होण्यावर आणि ठरलेल्या डे-केअर (ॲडमिट करून त्याच दिवशी घरी सोडतात अशा) उपचारांवर. तारा बसतात दवाखान्यातल्या खुर्चीत. सात वर्षं क्लेम न घेतल्याने हे कलम सैल होत नाही. एजंट चुकीचं बोलले असतील तर कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी जरूर कळवा. विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालांकडे फी लागत नाही, पण तेही पॉलिसीचा कागदच वाचणार. तुमच्या हाती फक्त तोंडचं बोलणं आहे. त्या भांडणावर मुलीचं वर्ष लावू नका.

ओपीडी पॉलिसी घेऊ नका असंच माझं मत आहे. अशा पॉलिसीत दात काढणं, सिमेंट भरणं, रूट कॅनल असतं. तारा बहुतेक वेळा स्पष्ट वगळलेल्या असतात. शिवाय मुलीचा त्रास आधीच निदान झालेला. जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लावता येतं. तीन वर्षांचे १९,२०० रुपये भरून हाती काही नाही, असं होऊ शकतं. एजंटांना एकच विचारा, 'तारांचे पैसे मिळतील हे कुठल्या पानावर लिहिलंय?' सही करून बसला असाल, तर नवी पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. यजमानांच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर तिचंही दातांचं पान मागवून बघा, क्वचित तिथे सोय असते.

खर्च खरोखर झेपत नसेल तर सांगलीतच दंत महाविद्यालयं आहेत, कऱ्हाडलाही आहे. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तारा बसवतात आणि दर सहसा खाजगीपेक्षा कमी असतात. खेपा जास्त, रांगा जास्त. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी विचारा. त्यांचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो, म्हणून केस पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे देता येईल का? नाहीतर मध्येच हात बदलतो. आधीच्या डॉक्टरांकडे राहायचं ठरवलंत तर उरलेले ३२ हजार महिन्याच्या खेपेगणिक घ्याल का, असं मोकळेपणाने विचारा. बरेच जण घेतात.

कॉलेजला जायचं ठरलं तर एक्स-रे आणि साचे डॉक्टरांकडून मागून घ्या, पुन्हा खर्च नको. साचे फडक्यात गुंडाळून न्या, दातांची टोकं पटकन उडतात.