समुपदेशक दर वेळी आईबद्दलच का विचारतात?

तुमचा प्रश्न असा आहे: ऑफिसमधल्या साहेबांशी सारखे खटके उडतात म्हणून समुपदेशन सुरू केलं. बाई सायकोडायनॅमिक पद्धतीने, म्हणजे नकळत मनात राहिलेल्या जुन्या भावनांचा माग काढत काम करतात. पाच सेशन झाली, पण विषय फिरून आई आणि लहानपणावरच येतो. या पद्धतीचं मूळ ज्याच्यात आहे तो मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड केव्हाच मागे पडला ना? मग पैसे वाया जातायत का?

मी मानसशास्त्र शिकलेली नाही. याच पद्धतीने अडीच वर्षं थेरपी घेतली आणि त्या काळात या विषयावरचं हाताला लागेल ते वाचत गेले, तेवढ्या जोरावर लिहिते.

फ्रॉइडचं बरंच काही मागे पडलं हे खरं आहे. बायकांच्या मनाबद्दल त्याने जे लिहिलं, त्यातलं बरंचसं त्याच्याच परंपरेतल्या लोकांनी खोडून काढलं. एक निरीक्षण मात्र टिकलं: आपण जे वागतो त्याची सगळी कारणं आपल्याला ठाऊक नसतात, आणि ऐकणारं माणूस असलं तर ती बोलता बोलता वर येतात.

हे निरीक्षण हाती दिलं तेही एका पेशंटनेच. १८८० ते १८८२ या काळात व्हिएन्नात डॉ. जोसेफ ब्रॉयर एका तरुण मुलीवर उपचार करत होते. लेखनात तिचं नाव ॲना ओ. ऐन उन्हाळ्यात तिला पाणी पिता येईना. तहानेने जीव कासावीस व्हायचा, पेला ओठांपर्यंत न्यायची आणि दूर लोटायची. सहाएक आठवडे ती रसाळ फळांवर तहान भागवत होती. मग एकदा संमोहनाच्या अवस्थेत बोलताना तिने सांगितलं, की सोबतीला ठेवलेल्या इंग्रज बाईच्या खोलीत तिचा कुत्रा पेल्यातून पाणी पिताना दिसला होता. किळस आली, पण सभ्यपणा म्हणून ती काही बोलली नव्हती. हे सांगून झाल्यावर तिने पाणी मागितलं आणि भरपूर प्यायली, असं ब्रॉयर लिहितो. ‘टॉकिंग क्युअर’ हा शब्द तिचाच. ब्रॉयर आणि फ्रॉइडने १८९५ साली ही केस छापली. पण त्यात लिहिलंय तशी ती मुलगी ठणठणीत बरी झाली नव्हती, १८८२ मध्येच तिला स्वित्झर्लंडमधल्या सॅनेटोरियममध्ये ठेवावं लागलं, हेही सांगायला हवं. पुढे बेर्था पापेनहाइम या खऱ्या नावाने तिने जर्मनीत ज्यू स्त्रियांची मोठी संघटना उभी केली.

मला या गोष्टीत कुत्र्यापेक्षा ते ‘काही बोलली नव्हती’ जास्त लागतं. कारण माझंही तेच निघालं.

मी गेले होते झोप लागत नाही म्हणून. आठव्या महिन्यात दिवाळी आली आणि माझ्या थेरपिस्ट बाईंनी दोन आठवडे सुट्टी घेतली. त्यानंतरच्या सेशनला माझ्याकडे बोलायला काहीच नव्हतं. मी पर्समधल्या चुरगळलेल्या पावत्या काढल्या आणि एकेक मांडीवर सरळ करून तारखेप्रमाणे लावत बसले. बाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी नव्हते, त्याचा राग आलाय का?” मी म्हटलं, “छे हो, तुम्ही काय सुट्टी घ्यायची नाही?” हात मात्र थांबले नाहीत. पावती दुमडता दुमडता मला आमची आतली खोली दिसली.

आई शिक्षिका होती आणि तिची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली होती. मी आजीजवळ. दर रविवारी संध्याकाळच्या एसटीने आई जायची. आजी बजावायची, शहाणी मुलगी रडत नाही. मग आई निघायच्या वेळी मी आत जाऊन दोरीवरून काढलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसायचे. ती दारातून म्हणायची, “येते गं.” मी मान वर करायचे नाही.

घरातलं कोणी बाहेरगावी गेलं की माझी झोप हमखास उडायची, हे तोवर माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. त्या दिवशी आलं.

जुन्या नात्यातली भावना अशी समोरच्या माणसावर येते, तिला ट्रान्सफरन्स म्हणतात, आणि या पद्धतीचा कणा तोच. लहानपण उकरून दोषी शोधणं हा हेतू नसतो. आज, त्याच खोलीत, तुमच्या नकळत तुम्ही काय करताय ते पकडायचं असतं, आणि त्याचा माग काढत गेलं की बहुतेकदा लहानपण लागतं. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. साहेब आवाज चढवतात त्या दोन मिनिटांत तुमच्या आत काय होतं, हे आधी यायला हवं. आईपासूनच सुरुवात होत असेल तर तुमची तक्रार रास्त आहे. आणि साहेब खरोखरच वाईट वागणारा असू शकतो, हे विसरून चालणार नाही.

शिवाय आईच का? मला घडवण्यात आजीचा वाटा तेवढाच आहे. १९२२ साली कलकत्त्यात इंडियन सायकोॲनालिटिकल सोसायटी ही मनोविश्लेषकांची संस्था काढणारे गिरींद्रशेखर बोस यांनी थेट फ्रॉइडला पत्रातून कळवलं होतं, की तुमच्या सिद्धांतातल्या काही गोष्टी माझ्या भारतीय पेशंटांत तेवढ्या ठळक दिसत नाहीत. त्यामुळे एकाच साच्यातून बघणाऱ्या थेरपिस्टला तुम्हीही हे म्हणू शकता.

परिणामाचं म्हणाल तर २०१० मध्ये मानसशास्त्रज्ञ जोनाथन शेडलर यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. ही पद्धत इतर मान्य पद्धतींच्या तोडीची ठरते आणि थेरपी संपल्यावरही फायदा वाढत जातो, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर वाद आहेत. एखाद्या गोष्टीची तीव्र भीती किंवा ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येणं) असेल तर मी आधी सीबीटीकडेच, म्हणजे आजचे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या थेरपीकडे पाठवेन. सारखी तीच तीच भांडणं वेगवेगळ्या माणसांशी होत असतील, तर मात्र इथे थांबून बघण्यासारखं आहे. मागच्या नोकरीतही खटके उडायचे का, ते आठवून पाहा.

पुढच्या सेशनला आईचा विषय निघाला की तिथेच सांगा, “तुम्ही हे विचारलंत की मला चीड येते.” अगदी याच शब्दांत. बाई दुखावल्या किंवा स्वतःचं समर्थन करू लागल्या, तर दुसरं कोणी शोधा. “बरं झालं सांगितलंत, चीड येते तेव्हा नेमकं काय होतं?” असं विचारून त्या ऐकत बसल्या, तर आणखी दहा सेशन द्या.