पशुपालन प्रश्नोत्तरे : कारवानी कुत्र्याचा स्वभाव आणि त्याची निगा

प्रश्न : आमच्याकडे सव्वा वर्षाचा कारवानी नर आहे. यापूर्वी आम्ही लॅब्रॅडोर पाळला होता आणि तो एका हाकेत परत येत असे. हा घरात शांत व मायाळू आहे. मात्र टेकडीवर मोकळा सोडला की हाक ऐकूनही येत नाही. गेल्या आठवड्यात तो मोरामागे धावत दिसेनासा झाला आणि तासाभराने परतला. प्रशिक्षकांनी त्याला उपाशी ठेवण्याचा आणि काठीचा धाक दाखवण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का? — एक वाचक, पुणे

उत्तर : हा सल्ला कृपया मानू नये. लॅब्रॅडोर ही जात बंदूकधारी शिकाऱ्याजवळ थांबून, इशारा मिळाल्यावरच पडलेला पक्षी उचलून आणण्यासाठी घडवली गेली. माणसाच्या तोंडाकडे पाहत राहणे हेच तिचे काम होते. मुधोळ हाउंड या नावानेही ओळखला जाणारा कारवानी मात्र उत्तर कर्नाटक आणि दक्षिण महाराष्ट्रातील उघड्या माळरानांवर वाढला. तिथे सावज वासाने नव्हे, तर नजरेने हेरायचे असे आणि ससा उठला की काही क्षणांत कुत्रा माणसाच्या हाकेपलीकडे गेलेला असे. सशाने दिशा बदलली तर कुठे वळायचे, कुठे आडवे जायचे, हे त्याला स्वतःच ठरवावे लागे. असे निर्णय अचूक घेणाऱ्या कुत्र्यांचीच पिल्ले लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली. तेव्हा आपला कुत्रा आपला अवमान करत नसून ज्या कामासाठी त्याची जात घडली तेच करत आहे, आणि ते मारून काढता येत नाही. माराने एवढेच होईल, की तो आपल्यालाही टाळू लागेल.

तो शिकत नाही, असा याचा अर्थ नाही. २०१६ मध्ये या जातीची पिल्ले भारतीय लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात प्रशिक्षणासाठी नेण्यात आली होती. फक्त एकच गोष्ट वीस वेळा करून घेतली, तर लॅब्रॅडोर विसाव्या वेळीही उत्साहाने करतो, तर कारवानी चौथ्या वेळी निघून जातो. म्हणून सराव पाच मिनिटांचा ठेवावा, तो आधी घरात, मग अंगणात घ्यावा आणि तो आला की उकडलेल्या चिकनचा किंवा काळजाचा तुकडा लगेच द्यावा. हाक एकदाच मारावी. तो आल्यावर रागावू नये. उशिरा आला तरीही नाही, कारण ओरडा बसला तर त्याच्या मनात परत येणे आणि शिक्षा यांची सांगड बसते. दर वेळी हाक मारून लगेच साखळी अडकवू नये. बऱ्याचदा खाऊ देऊन पुन्हा मोकळे सोडावे.

एवढे करूनही, समोर सावज धावत असताना तो परत येईल यावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कुंपण नसलेल्या जागी त्याला मोकळा सोडूच नये. धावण्याची हौस चांगल्या उंच कुंपणाच्या आवारात भागवावी. टेकडीवर लांब दोरी वापरावी आणि ती गळपट्ट्याऐवजी छातीच्या पट्ट्याला बांधावी, कारण पूर्ण वेगात असताना गळ्याला हिसका बसल्यास मानेला गंभीर इजा होऊ शकते. या कुत्र्याचे डोके निमुळते असल्याने साधा गळपट्टा कानांवरून सहज निसटतो. रोजच्या फिरण्यासाठी रुंद आणि ताण आल्यावर मर्यादेत आवळणारा पट्टा घ्यावा. मोराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे आणि त्या कायद्याच्या शिकारीच्या व्याख्येत पाठलागही येतो, हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : आमची दोन वर्षांची कारवानी मादी पाहुण्यांना जवळ येऊ देत नाही. कोणी पाठीवरून हात फिरवला की ती दचकते आणि गुरगुरते. ती धोकादायक होत आहे का? — एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : परक्यांपासून अंतर राखणे हा या जातीचा मूळ स्वभावच आहे आणि अनोळखी स्पर्श तिला सहसा आवडत नाही. तिचे गुरगुरणे ही सूचना आहे. त्यासाठी तिला दरडावू नये. सूचना देणे बंद केलेले कुत्रे पुढे थेट चावते. पाहुण्यांनी तिच्याकडे टक लावून पाहू नये, वाकून डोक्यावर हात ठेवू नये, आणि जवळ यायचे की नाही हे तिलाच ठरवू द्यावे. तिच्यासाठी एखादा कोपरा असावा, जिथे कोणीही, विशेषतः मुलांनी, तिला हात लावायचा नाही. हे वागणे अलीकडेच सुरू झाले असेल, तर आधी कान, दात आणि पाठीचे दुखणे तपासून घ्यावे. पिल्लू आणणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे, की साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यादरम्यान वेगवेगळी माणसे, आवाज आणि वाहने यांची ओळख झाली नाही, तर पुढे हा बुजरेपणा फार वाढतो.

प्रश्न : आमच्या कारवानीच्या फासळ्या दिसतात, म्हणून शेजारी आम्हाला दोष देतात. त्याला आम्ही दूध-भाकरी देतो. आहार वाढवावा का? — एक वाचक, सांगली

उत्तर : शेवटच्या दोन-तीन फासळ्या आणि कमरेची किंचित हाडे दिसणे या जातीत निकोप मानले जाते. शेजाऱ्यांसाठी त्याला जाड करू नये. वाढलेले वजन लांब पायांच्या सांध्यांवर येते. मांड्यांचे स्नायू मात्र भरलेले हवेत. ते ओसरत असतील, तर जंत आणि गोचिडांमुळे होणारे ताप यांची तपासणी करावी. भाकरी चालेल, पण केवळ दूध-भाकरीवर प्रथिने कमी पडतात. अंडी, मांस किंवा चांगले तयार खाद्य त्यात हवे. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कधीही देऊ नये. छाती खोल असलेल्या कुत्र्यांत जठराला पीळ पडण्याचा धोका असतो, म्हणून आहार दोनदा विभागून द्यावा आणि खाल्ल्यानंतर तासभर तरी पळवू नये. पोट फुगून तो ओकण्याचा निष्फळ प्रयत्न करत असेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच घटकेला दवाखाना गाठावा. अंगावर चरबी आणि केस कमी असल्याने त्याला अंथरुण मऊ लागते. फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात.

प्रश्न : आमच्या मादीची नसबंदी करायची आहे. या जातीत वेगळी काळजी लागते का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : होय. नजरेने शिकार करणाऱ्या सडपातळ जातींत भुलीची काही जुनी औषधे, विशेषतः थायोपेंटोन, शरीरातून हळू बाहेर पडतात आणि शुद्ध येण्यास धोकादायक विलंब होतो. त्यामुळे मादी कारवानी असल्याचे डॉक्टरांना आधीच सांगून दुसरे औषध वापरण्याची विनंती करावी. चरबीअभावी अंग लवकर गार पडते. शस्त्रक्रियेनंतर ती पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तिला ऊबदार पांघरुणात ठेवावे. रक्ततपासणीत थायरॉइड कमी दिसले, तरी या प्रकारच्या कुत्र्यांत ते मुळातच कमी असू शकते. लक्षणे नसताना केवळ त्या आकड्यावरून औषध सुरू करू नये.