आजोबांची जुनी रॅले सायकल पाच हजारांत नीट करून तिला नवा लूक कसा देता येईल?

तुम्ही लिहिलंय की सायकल साठच्या दशकातली आहे, बरीच वर्षं जिन्याखाली उभी होती, आणि तुम्हाला मॅट काळं पावडर कोटिंग, सरळ हँडल आणि सिंगल स्पीड हवंय. सिंगल स्पीडची काळजी सोडा. मागच्या हबात, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्यात, स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा संच नसेल, तर तुमची सायकल जन्मापासून सिंगल स्पीडच आहे. हँडलचं पुढे बोलू. पावडर कोटिंग, म्हणजे भुकटीचा रंग भट्टीत भाजून चढवणं, मात्र करू नका. हे मी सल्ला म्हणून नाही, कळकळीने सांगतोय. आमच्या घरात एका सायकलीचं हेच झालंय आणि त्यावरून दादाचं आणि माझं आजही पटत नाही.

आमच्या बाबांची रॅले नॉटिंगहॅमची, म्हणजे इंग्लंडच्या मूळ कारखान्यातली. ते शिक्षक होते, मिरजेहून शेजारच्या गावातल्या शाळेत रोज सायकलने जायचे. चेनव्हीलमध्ये कापलेली बगळ्यांची डोकी (बगळा ही रॅलेची खूण), पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावरची चमकती टोपी, मडगार्डवर हाताने ओढलेली सोनेरी रेघ. दांडीवर माझ्यासाठी छोटं सीट आवळलेलं असायचं. ते सीट काढल्यावरही त्याच्या क्लॅम्पची खूण रंगात तशीच दबलेली होती. हँडलच्या खांबावर नगरपालिकेचा सायकल-कराचा बिल्ला होता.

बाबा गेल्यावर दादाने ती पुण्याला नेली आणि एका वर्कशॉपमधून 'रिस्टोअर' करून आणली. वाळूचा मारा करून फ्रेम पांढरी केली आणि वर चेरी रंगाचं जाड कोटिंग भाजलं. सोनेरी रेघ गेली, क्लॅम्पची खूण गेली, फ्रेमचा नंबर कोटिंगखाली बुजला. पुढचा बगळ्याचा बिल्ला कारखान्यात बारीक रिव्हेटांनी बसवलेला असतो, तो यांनी गोंदाने चिकटवला, तोही किंचित तिरका. कराचा बिल्ला कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही. आता ती सायकल दादाच्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेली आहे, बिनचेनची. चेन का नाही? तर तेलाचे डाग भिंतीला लागतात म्हणून. या सगळ्याला जेवढे पैसे लागले तेवढ्यात एक बरी नवी सायकल आली असती.

आता दुसऱ्या सायकलीचं सांगतो, म्हणजे तुमच्या पाच हजारांचा हिशोब लागेल.

काका सांगलीला हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. त्यांच्याकडे सेन-रॅले, म्हणजे आसनसोलच्या कारखान्यात बनलेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा ती तळमजल्यावरच होती. पूर ओसरल्यावर गेलो तर रस्त्याच्या दोन्ही कडांना गाद्या, कपाटं, वह्या, फ्रिज यांचे ढीग, आणि महापालिकेच्या गाड्या ते उचलत होत्या. काकांच्या दाराशी त्या ढिगात सायकल आडवी पडली होती. चुलत भाऊ म्हणाला, "राहू दे रे, गंजून गेलीय." मी ती ओढून बाजूला घेतली. दादाला फोटो पाठवला, तर त्याचं उत्तर आलं, "हे भंगार कशाला उचललंस?" माझ्या डोक्यात ते तेव्हाच बसलं.

पुरात बुडालेल्या सायकलीत गाळ असतो, आणि तो दिसत नाही. सीट खांबासकट उपसून फ्रेम उलटी केली, तर नळीतून चहाच्या रंगाचं पाणी आणि मागोमाग लगदा आला. बाहेरून पाइपाने धुऊन काही होत नाही, बीबी उघडावीच लागते. बीबी म्हणजे फ्रेमच्या तळाशी पेडलांचा धुरा फिरतो तो भाग, आत छर्रे आणि ते ज्यात फिरतात त्या वाट्या, म्हणजे कप. तुमची सायकल पुरात नसली, तरी जिन्याखाली इतकी वर्षं उभी आहे म्हणजे आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असणार. तुम्हालाही उघडावीच लागेल.

बीबी उघडायची तर आधी क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, निघायला हवा, आणि तो धरून ठेवते कॉटर पिन, म्हणजे आडवी ठोकलेली पाचर. बहुतेक जण इथेच सायकलीचं वाटोळं करतात. मिरजेच्या स्टेशनाजवळ आमचे एक चाचा बसतात, त्यांनी मला समोर बसवून हे शिकवलं. नट पूर्ण काढायचा नाही. पिनच्या टोकाला समतल येईल इतका सैल करायचा, म्हणजे घाव आट्यांवर पडून त्या चिरडत नाहीत. क्रँकच्या खाली जमिनीपर्यंत टेकेल असा लोखंडी पाइपाचा तुकडा उभा करायचा. मग जड हातोड्याचा एकच घाव, सरळ. "दहा टोले मारशील तर पिन वाकेल आणि छर्रे कपात रुततील. एकच मार, पण मनापासून मार," चाचा म्हणाले. माझी डावी पिन निघाली. उजवी हलेना, तेव्हा तिच्यावर डिझेल आणि तेल सोडून सायकल रात्रभर तशीच ठेवली, आणि सकाळी तीही सुटली. नवी पिन दुकानातून आणून तशीच ठोकायची नसते. तिचा सपाट भाग कानशीने घासत घासत क्रँकच्या भोकात बसवून बघायचा. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, नाहीतर दोन पेडल एका रेषेत येत नाहीत आणि प्रत्येक फेऱ्याला पाय लंगडतो.

छर्रे सगळे नवे घ्या, जुना एकही परत घालू नका. बीबीत पाव इंची, एका बाजूला ११. मागच्या हबात तेच, बाजूला ९. पुढच्या हबात ३/१६ चे, बाजूला १०. यात फार पैसे जात नाहीत. कप आणि धुरा मात्र नीट पुसून जपून ठेवा. तुमची सायकल नॉटिंगहॅमची असेल तर तिच्या बीबीचे आटे इंचाला २६ असतात, बाकीच्या बहुतेक सायकलींचे २४. बाजारातला कप तिला बसत नाही. दुकानदार "बसतो हो" म्हणत पान्ह्याने दाबून फिरवेल, त्याला हात लावू देऊ नका. आटे मेले की फ्रेम गेली. सायकल नॉटिंगहॅमची की आसनसोलची हे बहुतेकदा पुढच्या बिल्ल्यावरच लिहिलेलं असतं.

नटबोल्ट, ब्रेकच्या सळया, स्टँड अशा सुट्या लोखंडी वस्तूंसाठी किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व आणा, लिटरभर पाण्याला मूठभर. रात्रभर बुडवा, सकाळी तारेच्या ब्रशने घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात खळबळून उन्हात वाळवा आणि लगेच तेलाचा हात फिरवा. तासभर उशीर केलात तर पिवळा गंज परत चढतो. क्रोमवरचा गंज ॲल्युमिनियमची फॉइल ओली करून हलक्या हाताने घासली तरी निघतो. रंगवलेले भाग या पाण्यात कधीच बुडवू नका.

आणि रंग. काकांच्या सायकलीचा काळा रंग गाळाखाली मेला असं सगळ्यांना वाटलं होतं. डिझेलच्या फडक्याने, मग साबणाच्या पाण्याने पुसला, आणि गाडीला लावतात ते रबिंग कंपाउंड बोटभर चिंधीवर घेऊन हळूहळू फिरवलं. खालून जुना काळा असा वर आला की चुलत भावाने हात लावून बघितलं. रेघा आणि सोनेरी अक्षरं यांच्यावरून कंपाउंड नेऊ नका, ती पुसली जातात. तिथे नुसतं ओलं फडकं. शेवटी मेणाचा एक हात. जिथे रंग उडून लोखंड उघडं पडलंय तिथेच काळ्या इनॅमलचा ठिपका द्या. कारखान्यातला रंग एकदाच चढतो, परत चढत नाही. भट्टीत दोनशे अंशांच्या आसपास भाजलेलं जाड कोटिंग लगच्या, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या बाह्यांच्या, कोरीव कडा बोथट करतं आणि आट्यांत जाऊन बसतं. मॅट तर आणखी वाईट, त्यावर हाताचा प्रत्येक डाग दिसतो.

चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, चाचांनी काढला. पुढे ३२ तारा, मागे ४०. त्यातल्या गंजून गेलेल्या तेवढ्या बदलल्या. २८ × १½ चे टायर आपल्याकडे तालुक्याच्या गावीसुद्धा मिळतात. हा आकार परदेशातले हौशी लोक शोधत फिरतात आणि आपल्याकडे तो कोपऱ्यावरच्या दुकानात टांगलेला असतो. टायर, ट्यूब, चेन, फ्रीव्हील, ब्रेकरबर, पिना, छर्रे, तारा आणि चाचांची मजुरी धरून तेव्हा तीन हजारांच्या आत काम झालं. आज साडेचार धरा. म्हणजे तुमचं बजेट पुरेसं आहे, पण रंगावर एक रुपयाही न घालता.

आता सरळ हँडल. तुमचे ब्रेक सळयांचे, त्यांच्या मुठी हँडललाच जोडलेल्या असतात. हँडल गेलं की ब्रेक गेले. मग वायरचे कॅलिपर ब्रेक लावावे लागतात, पण ते रिमच्या बाजूला पकडतात आणि तुमच्या रिमला सपाट बाजूच नाही. सळईचा ब्रेक रिमच्या आतल्या अंगाला वर खेचला जातो, रिम त्याच घाटाची असते. म्हणजे रिम बदला. रिम बदलली की तारा बदला, लहान मापाची रिम आणली तर टायर बदला आणि ब्रेकचे हात लांब हवेत म्हणून तेही शोधा. एका हँडलपायी पाच हजार तिथेच संपतात, आणि हातात राहते ती धड रॅले नाही आणि धड नवीही नाही.

कस्टमाइज करू नका असं मी म्हणत नाही. आपल्याकडे कामाची सायकल कोणी कारखान्यातून आली तशी वापरली? गवळी कॅनसाठी कड्या लावून घेतो, चिमट्याला जोड-सळया घालतो. धारवाला पेडलवर सहाण फिरवतो. काकांनी लोहाराकडून कॅरियर लांब करून घेतलं होतं आणि त्याला दोन्ही बाजूंना आकडे, हळदीच्या नमुन्याच्या पिशव्या अडकवायला. ते मी तसंच ठेवलंय, मंडईला जाताना त्याच आकड्यांना भाजीच्या पिशव्या लावतो. तुम्ही मागे १८ दात्यांऐवजी २० किंवा २२ दात्यांचं फ्रीव्हील घाला, चेनला एखादी कडी वाढवा. चढावर लगेच फरक कळेल. चांगलं कातडी सीट घ्या, दिवा लावा, मुलासाठी दांडीवर सीट लावा. यातलं सगळं उद्या पान्ह्याने काढता येतं. माझी कसोटी एवढीच आहे की केलेलं परत काढता आलं पाहिजे आणि सायकल रस्त्यावर चालली पाहिजे.

दादाचं म्हणणं असं की त्याने बाबांच्या सायकलीचा मान ठेवला, मी काकांची गंजकी सायकल भाजीला जुंपली. हे तो लग्नकार्यात चार लोकांत म्हणतो. मला ते मान्य नाही. बाबा दर रविवारी अंगणात सायकल उलटी करून स्वतः ओव्हरऑइलिंग करायचे, सोमवारी ती रस्त्यावर हवी म्हणून. त्या माणसाची सायकल बिनचेनची टांगणं हा मान कसा? दादा हे वाचणार हे मला ठाऊक आहे. चेन आणि फ्रीव्हील मी घेऊन येतो, तू फक्त ती भिंतीवरून खाली घे.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. चिमटा वाकलेला असेल, लगच्या जोडाशी चीर दिसत असेल किंवा बीबीजवळच्या नळ्या दाबल्यावर पापुद्रे निघत असतील, तर माझं वरचं सगळं विसरा, ती सायकल चालवू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडा पॉलिश पेपर मारून धूळ उडवू नका, घरात लहान मूल असेल तर अजिबात नाही. पावसात स्टीलच्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, उतारावर वेग आधीच कमी करा. आणि मूळ रंग खरोखरच शिल्लक नसेल, आधीच कोणीतरी रोलरने ऑइलपेंट फासलेला असेल, तर खुशाल रंगवा. पण साध्या काळ्या इनॅमलने, आणि फ्रेमच्या नंबराचा फोटो काढून ठेवल्यावर. कॉटरला अडलात तर फोटो टाका, क्रँकखाली पाइप कुठे टेकवायचा ते सांगतो.