प्रश्न तुमचे: ऑल-स्टारची यादी कोण लावतं?

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी आठवीत आहे. शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळते आणि अमेरिकेतल्या महिलांच्या लीगचं, डब्ल्यूएनबीएचं, तिला वेड आहे. 2025 चा ऑल-स्टार सामना, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंचा खास सामना, आपल्याकडे रविवारी सकाळी सहाला होता, तर ही बाई गजर लावून उठली. तिची लाडकी खेळाडू केटलिन क्लार्क. प्रेक्षकांनी क्लार्कला सगळ्यांत जास्त मतं दिली, पण लीगमधल्या खेळाडूंनी तिला गार्डमध्ये (बाहेरून चेंडू खेळवणाऱ्यांत) नववा नंबर दिला. हे वाचल्यापासून पोरगी रुसली आहे. “त्या सगळ्या तिच्यावर जळतात” असं म्हणते. मी तिला काय सांगू? (एक आई, नाशिक)

उत्तर: आधी तिला सांगा की तिच्या लाडकीचं काही नुकसान झालं नाही. सुरुवातीच्या दहा जणी निवडताना तिघांची मतं धरतात. प्रेक्षकांना निम्मं वजन, खेळाडूंना पाव आणि पत्रकारांना पाव. मतांची बेरीज होत नाही, नंबरांची होते. क्लार्क प्रेक्षकांत पहिली, पत्रकारांत तिसरी, खेळाडूंत नववी. प्रेक्षकांचा नंबर दोनदा धरायचा, म्हणजे एक आणि एक दोन, त्यात तीन, त्यात नऊ, झाले चौदा. भागिले चार, साडेतीन. ज्यांचा आकडा सगळ्यांत लहान त्या चार गार्ड आणि सहा फ्रंटकोर्ट (बास्केटजवळ खेळणाऱ्या) खेळाडू आत. क्लार्क आरामात आत आली. शिवाय प्रेक्षकांची 12 लाख 93 हजार 526 मतं म्हणजे सगळ्यांत जास्त, त्यामुळे एका संघाची कर्णधारही झाली. दुसरी कर्णधार नफीसा कॉलियर. मुलीला कागद-पेन्सिल देऊन हे गणित स्वतः करू द्या, राग निम्मा तिथेच उतरेल.

आता “जळतात” या शब्दाबद्दल. हा शब्द मला पटत नाही, आणि तिने तो सोडावा असं मनापासून वाटतं. मी पंधरा-सोळा वर्षं खेळले. खेळाडू दुसऱ्या खेळाडूबद्दल मत देते तेव्हा तिच्या अंगावरचे वळ बोलत असतात. कोणाच्या स्क्रीनला (वाट अडवून उभं राहण्याला) धडकून खांदा दुखला, कोणाला अडवताना दम लागला, कोण आपल्या हातातून चेंडू काढून घेऊन गेली, हे तिला टीव्ही न लावता आठवतं. घरी बसलेल्या प्रेक्षकाला चेंडू दिसतो, तिला तिच्यावर धावून आलेलं माणूस दिसतं. दोघींचं खरं असतं, पण दोघींनी पाहिलेलं वेगळं असतं.

आणखी एक गोष्ट. क्लार्क त्या हंगामात दुखापतींनी बेजार होती. अख्ख्या हंगामात ती फक्त 13 सामने खेळू शकली, आणि ऑल-स्टारची मतं पडली तोवरही तिचे बरेच सामने हुकले होते. जिच्यासमोर आपण यंदा उभ्याच राहिलो नाही, तिला वर घालायला खेळाडूचा हात कचरतो. तरीही माझं प्रामाणिक मत विचाराल तर नववा नंबर फार खाली आहे. जी मुलगी अर्ध्या कोर्टापासून दोन पावलं पुढे आली की समोरचा अख्खा बचाव तिच्याकडे ओढला जातो, ती इतरांना किती मोकळी जागा करून देते हे खेळाडूंनाच जास्त कळायला हवं. हे मत मुलीला जरूर सांगा, रुसवा अगदीच चुकीचा नाही म्हणून. बाकी, इंडियानापोलिस हे क्लार्कचं घरचं मैदान असूनही जांघेच्या दुखापतीमुळे ती सामना खेळलीच नाही. बाकावर बसून टाळ्या वाजवत होती. तिचा संघ 151-131 असा हरला आणि कॉलियरने 36 गुणांचा ऑल-स्टारमधला नवा विक्रम केला. लेकीने ते सकाळी पाहिलंच असेल.

प्रश्न: अर्धी मतं प्रेक्षकांच्या हाती द्यायची हा लोकप्रियतेचा बाजार झाला. ज्यांना खेळ कळतो त्या प्रशिक्षकांनीच निवड का करू नये? (एक निवृत्त बँक अधिकारी, सोलापूर)

उत्तर: तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि नाहीही. ऑल-स्टार हा मुळात प्रेक्षकांचा सण आहे. पहिला सामना 14 जुलै 1999 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाला, पश्चिमेकडच्या संघांतल्या खेळाडूंनी पूर्वेकडच्यांना 79-61 असं हरवलं आणि लिसा लेस्ली सर्वोत्तम खेळाडू ठरली. तेव्हा लीग अवघी दोन-तीन वर्षांची होती, चालेल की नाही याचीच चिंता. लोकांनी आपल्या हाताने नावं लिहून दिली म्हणून लोक आले. ज्याने तिकीट काढलं त्याला म्हणणं मांडू द्यायला हवं.

पण तुम्हाला हवी ती यादीही आहे, आणि मला तीच जास्त प्रिय आहे. दहा जणी ठरल्या की बारा राखीव खेळाडू लीगमधले प्रशिक्षक निवडतात. तीन गार्ड, पाच फ्रंटकोर्ट आणि चार कुठल्याही जागेच्या. यातला खरा नियम असा की प्रशिक्षकाला स्वतःच्या संघातल्या खेळाडूला मत देता येत नाही. म्हणजे मत द्यायचं ते प्रतिस्पर्ध्यालाच.

हा नियम मला इतका का आवडतो ते सांगते. नागपूरला एका निवड समितीत मी बसले होते. तीन दिवस सामने, हातात गुणपत्रक, शेवटी बारा नावं. एक बुटकी मुलगी होती, दोन्ही गुडघ्यांना क्रेप बँडेज, शेवटच्या सामन्यात तिचे चार गुण. आम्ही तिला वगळलं. मीही हात वर केला होता. यादी लागल्यावर समोरच्या संघाचे प्रशिक्षक माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “मॅडम, हिला घेतलं नाही होय? आमच्या मुलीला हिने चाळीस मिनिटं चेंडू धड हातात धरू दिला नाही. मी तीन वेळा टाइम-आऊट घेतला तो हिच्यासाठी.” मी पुन्हा गुणपत्रक उघडलं. त्यात त्यातलं काहीही नव्हतं. आम्हाला चार गुण दिसले होते, त्या माणसाला तीन टाइम-आऊट आठवत होते. यादी तर लागून गेली होती. ती मुलगी पुढच्या वर्षी मैदानावर आली नाही. हे मला अजून सलतं.

म्हणून राखीवांची यादी आली की मी तीच आधी वाचते. 2025 च्या यादीत कायला थॉर्नटन हे नाव होतं. 2014 साली ड्राफ्टमध्ये (संघ नव्या खेळाडू निवडून घेतात तेव्हा) तिला कोणीही घेतलं नव्हतं. नंतर वर्षानुवर्षं मोठ्या खेळाडूंना अडवायचं, रिबाउंडसाठी (हुकलेला चेंडू परत मिळवायला) धक्के खायचे, कोपऱ्यातून तीन गुणांचा थ्री-पॉइंटर टाकायचा, हे तिचं काम. न्यूयॉर्कच्या विजेत्या संघात ती बहुतेक वेळा बाकावरूनच यायची. मग गोल्डन स्टेट व्हॅल्किरीज हा नवा संघ निघाला, त्यांनी तिला उचललं आणि वयाच्या 32 व्या वर्षी ती पहिल्यांदा ऑल-स्टार झाली. त्या संघाचीही पहिलीच ऑल-स्टार. इतक्या वर्षांत तिच्याविरुद्ध डावपेच आखून वैतागलेल्या प्रशिक्षकांनीच तिला आत घेतलं. ऑल-स्टारनंतर लगेच सरावात तिचा गुडघा गेला आणि हंगाम तिथेच संपला. ते वाचून मी त्या संध्याकाळी सरावाला अर्धा तास उशिरा गेले.

पत्रकार आणि प्रेक्षकांनाही सगळंच दिसत नाही असं नाही. अटलांटाची अलीशा ग्रे ही काही जाहिरातीतली खेळाडू नाही, पण सुरुवातीच्या दहांत ती मतांवरच आली. आधीच्या वर्षी फिनिक्सला तिने थ्री-पॉइंटची आणि कौशल्याची अशा दोन्ही स्पर्धा एकाच रात्री जिंकल्या होत्या.

प्रश्न: 2024 मध्ये अमेरिकेचा ऑलिंपिक संघ लीगच्या ऑल-स्टार संघाकडून हरला. मग ऑलिंपिक संघ चुकीचा निवडला होता का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: एका सामन्यावरून असं म्हणणं बरोबर नाही. त्या बायकांनी पुढे पॅरिसमध्ये सुवर्णपदक आणलं. पण अरिके ओगुनबोवालेची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या अर्ध्यात तिचा एकही गुण नव्हता. दुसऱ्या अर्ध्यात 34. सामना 117-109 असा लीगच्या संघाने जिंकला आणि ती सर्वोत्तम ठरली. 2021 मध्येही लास व्हेगासला हेच झालं होतं, ऑलिंपिक संघाविरुद्ध 26 गुण आणि सर्वोत्तम खेळाडूचा चषक. एका यादीत नाव नसलेली बाई दुसऱ्या यादीतून आली आणि दोन्ही वेळा मैदानावर उत्तर देऊन गेली.

प्रश्न: ऑल-स्टारमध्ये आजवर कोणी भारतीय? (वाचक, ठाणे)

उत्तर: नाही. डब्ल्यूएनबीएमध्येच अजून कोणी भारतीय खेळाडू खेळलेली नाही. केरळची गीतू अॅना जोस 2011 मध्ये तिथल्या संघांच्या चाचणीपर्यंत पोहोचली होती, तेच आपलं सर्वांत जवळचं पाऊल. आपल्या पुण्याच्या शिरीन लिमयेने भारताचं कर्णधारपद सांभाळलं, तिचा खेळ पाहायला मिळाला तर सोडू नका.

प्रश्न: या सामन्याचे खेळाडूंना पैसे मिळतात का? सामन्याआधी सगळ्या काळे टी-शर्ट घालून आल्या होत्या ते कशासाठी? (विद्यार्थिनी, अमरावती)

उत्तर: दोन्हीचं उत्तर एकच आहे. 2025 मध्ये लागू असलेल्या करारानुसार ऑल-स्टार खेळल्याबद्दल प्रत्येकीला 2,575 डॉलर आणि सर्वोत्तम खेळाडूला 5,150 डॉलर. लाखो लोकांनी मतं दिलेल्या क्लार्कचा पहिल्या वर्षाचा लीगचा पगार 76,535 डॉलर होता. लीगकडे पैसा येऊ लागला, प्रेक्षक येऊ लागले, आणि वाटा मात्र जुन्या करारातला. त्यामुळे सरावाला उतरताना दोन्ही संघांच्या छातीवर एकच वाक्य होतं, आमचं जे देणं लागता ते द्या. घसा न ताणता एवढ्या मोठ्या सामन्यात हे म्हणून दाखवायला एकजूट लागते. मी टीव्हीसमोर उभी राहिले होते.

प्रश्न: ताई, मी अकरावीत आहे. उंची 5 फूट 4 इंच, मी गार्ड खेळते. गेल्या तीन सामन्यांत माझे 11, 9 आणि 14 गुण आहेत. तरी जिल्ह्याच्या संघात माझं नाव आलं नाही. कोणी कारणही सांगत नाही. खेळ सोडून अभ्यासाला लागावं असं घरचे म्हणतात. (नाव छापू नका)

उत्तर: बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. 1988 साली मीही एका कार्यालयाच्या काचेवर चिकटवलेली टाइप केलेली यादी वरून खालपर्यंत वाचली होती. बारा नावं. मग खालून वर वाचली. मला वाटलं कागद दुमडला असेल, म्हणून कडेने बोट फिरवून पाहिलं. बस स्टँडपर्यंत चालत गेले आणि घरी पोचेपर्यंत आईला काय सांगायचं ते ठरवत राहिले. तेव्हा मलाही कोणी कारण सांगितलं नाही.

एरिका व्हीलर हे नाव लिहून ठेव. उंची तुझ्यापेक्षा फार जास्त नाही, 5 फूट 7 इंच. कॉलेज संपल्यावर तिलाही ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नाही. आई कॅन्सरने गेलेली. मग परदेशी लीगांत, मिळेल तिथे खेळत राहिली. 2019 मध्ये प्रशिक्षकांनी तिला राखीव म्हणून ऑल-स्टारमध्ये घेतलं. लास व्हेगासला त्या सामन्यात तिने सात थ्री-पॉइंटर टाकले, 25 गुण केले आणि सर्वोत्तम खेळाडू ठरली. ड्राफ्टमध्ये न निवडलेल्या कोणालाही हा मान त्याआधी मिळाला नव्हता. चषक हातात आला तेव्हा ती ढसाढसा रडली. कोर्टवर उभ्या असलेल्या बाकीच्या जणी तिला मिठी मारत होत्या, त्यात ज्यांच्याविरुद्ध ती नुकतीच खेळली त्याही होत्या.

अभ्यास आणि खेळ यांचं भांडण घरच्यांशी घालू नकोस. सकाळी एक तास मागून घे, बाकी वेळ अभ्यासाला दे, आणि तो तास एकदाही चुकवू नकोस. निवड करणाऱ्यांकडे कारण विचारायला जायचं, पण एकटी नको, तुझ्या सरांना घेऊन जा आणि “पुढच्या वेळी काय पाहाल?” एवढंच विचार.

आणि एक काम माझ्यासाठी कर. पत्रात तू उंची लिहिलीस, गुण लिहिलेस. त्या तीन सामन्यांत तू जिला अडवत होतीस तिचे किती गुण झाले, ते लिहिलं नाहीस. आठवून, सरांना विचारून, मला कळव.